ऑप्शनची किंमत स्वतः काढायची तर: आधी व्होलॅटिलिटी, मग सिम्युलेशन

"निफ्टी २५,००० वर आहे, महिन्याचा २५,००० चा कॉल ५२० ला मिळतोय. घेऊ का?" ठाण्यात नौपाड्यात आम्ही काही जण रविवारी सकाळी ऑप्शनचं गणित घेऊन बसतो. तिथे हा प्रश्न या ना त्या रूपात येतोच. कॉल म्हणजे ठरलेल्या भावाने (स्ट्राइकने) मुदत संपताना (एक्सपायरीला) विकत घेण्याचा हक्क, पुट म्हणजे तसाच विकण्याचा हक्क. चार्ट कितीही वेळ बघितला तरी त्याचं उत्तर मिळत नाही. पुढच्या महिनाभरात बाजार किती हलेल याबद्दल बाजाराने बांधलेला अंदाज त्या ५२० रुपयांत दडलेला असतो. तो अंदाज तुम्हाला पटतो का, हे आधी ठरवावं लागतं.

सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत एफ अँड ओ, म्हणजे फ्युचर आणि ऑप्शनचे व्यवहार, करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. यातल्या कितीतरी जणांनी विकत घेतलेल्या वस्तूची रास्त किंमत एकदाही मोजून बघितली नसेल, असं मला मनापासून वाटतं. हे मोजणं घरच्या लॅपटॉपवर जमतं, बारावीचं गणित आठवत असेल तर समजतं, आणि शिकायला हवंच. खालचे सगळे आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत. पद्धत मात्र जशीच्या तशी वापरता येते.

पहिली पायरी: आकडे जमवा

निफ्टी २५,०००, स्ट्राइक २५,०००, एक्सपायरीला ३० दिवस, व्याजदर ६.५ टक्के. व्याजदरासाठी सरकारच्या ९१ दिवसांच्या ट्रेझरी बिलाचा ताजा दर घ्या, त्याचा लिलाव रिझर्व्ह बँक करते. तो अर्ध्या टक्क्याने चुकला तरी महिन्याच्या ऑप्शनला फारसा फरक पडत नाही.

स्पॉट किमतीवर मात्र विसंबू नका. निफ्टीतल्या कंपन्या लाभांश देतात, त्याचा हिशेब डोक्यात करत बसण्यापेक्षा फॉरवर्ड किंमत, म्हणजे एक्सपायरीच्या दिवसासाठी आज ठरणारा भाव, थेट बाजारातून घ्या. मासिक एक्सपायरीला त्याच तारखेचं फ्युचर असतं, त्याचाच भाव घ्यायचा. साप्ताहिकाला तसं फ्युचर नसतं. तिथे एकाच स्ट्राइकच्या कॉलमधून पुट वजा करा, येईल ते व्याजासकट वाढवा आणि स्ट्राइकमध्ये मिळवा. आपल्या उदाहरणात लाभांश शून्य धरलाय, त्यामुळे फॉरवर्ड साधारण २५,१३४ येतं.

दुसरी पायरी: ब्लॅक-शोल्सने पाया घाला

फिशर ब्लॅक आणि मायरन शोल्स यांचं सूत्र १९७३ मध्ये आलं, रॉबर्ट मर्टन यांनी त्याच वर्षी ते आणखी पक्कं केलं. निफ्टीचे ऑप्शन युरोपियन पद्धतीचे आहेत, म्हणजे हक्क एक्सपायरीलाच बजावता येतो. त्यामुळे हे सूत्र त्यांना सरळ लागू होतं. व्होलॅटिलिटी, म्हणजे भाव किती हलतात याचं माप, वार्षिक १४ टक्के धरूया.

३० दिवस म्हणजे वर्षाचा ०.०८२२ भाग, त्याचं वर्गमूळ ०.२८६७. त्याला ०.१४ ने गुणलं की ०.०४०१ येतं. महिन्यात अपेक्षित हालचाल सुमारे ४ टक्के, असा त्याचा अर्थ. आता फॉरवर्ड भागिले स्ट्राइक, त्याचा नैसर्गिक लॉग, त्यात ०.०४०१ च्या वर्गाचा अर्धा मिळवा आणि सगळ्याला ०.०४०१ ने भागा. हा डी-वन, ०.१५३२. त्यातून ०.०४०१ वजा केले की डी-टू, ०.११३०. नॉर्मल वितरणाच्या तक्त्यात त्यांच्या किमती ०.५६०९ आणि ०.५४५०. फॉरवर्डला पहिलीने गुणा, स्ट्राइकला दुसरीने, वजाबाकी करा, आणि महिन्याच्या व्याजाने सूट देण्यासाठी ०.९९४७ ने गुणा. सगळी दशांश स्थळं ठेवली तर कॉल ४६९ रुपये येतो. त्याच स्ट्राइकचा पुट ३३६.

तोंडी पडताळा हवा असेल तर निफ्टी गुणिले ०.०४०१ गुणिले ०.४, म्हणजे ४०१. कॉल आणि पुट यांची सरासरी ४०३ आहे. ऑप्शन ॲट-द-मनी असला, म्हणजे स्ट्राइक बाजारभावाजवळ असली, की हा पडताळा नेहमी जुळतो. सूत्र टाइप करताना चूक झाली तर लगेच कळतं.

पुढचा आकडा मात्र लिहून ठेवा. व्होलॅटिलिटी १४ वरून १५ केली की हा कॉल सुमारे २८ रुपयांनी वाढतो. हा वेगा. थीटा, म्हणजे एक दिवस सरला की ऑप्शनची किंमत जेवढी घटते तो आकडा, पहिल्या दिवशी ९ रुपये. म्हणजे व्होलॅटिलिटीचा अंदाज एका टक्क्याने चुकला तर तीन दिवसांच्या थीटाएवढी चूक झाली. नुसत्या थीटावर नजर ठेवणाऱ्यांनी हे समोर ठेवायला हवं. बाजारातले ५२० आणि आपले ४६९ यांतला ५१ रुपयांचा फरक वेगाच्या २८ ने भागला की १.८ येतात. बाजार १५.८ टक्के व्होलॅटिलिटी धरून चाललाय. हीच आयव्ही, म्हणजे भावावरून उलटी काढलेली व्होलॅटिलिटी. ऑप्शन चेनच्या, म्हणजे सगळ्या स्ट्राइकच्या भावांच्या तक्त्याच्या, रकान्यात ती आयती मिळते, तरी एकदा स्वतः काढून बघा.

तिसरी पायरी: कुठली व्होलॅटिलिटी? सगळा वेळ इथे द्या

मागच्या बंद भावांवरून सुरुवात करा. रोजच्या बंद भावाला आदल्या दिवसाच्या बंद भावाने भागून लॉग घ्या, त्या परताव्यांचं प्रमाण विचलन काढा आणि २५२ च्या वर्गमूळाने, म्हणजे १५.८७ ने गुणा. रोज एक टक्का हालचाल म्हणजे वार्षिक जवळपास १६ टक्के. हे सोपं आहे, पण किती दिवस मागे जायचं? २० दिवस घेतले तर आकडा उड्या मारतो, २०० घेतले तर परवाच्या धक्क्याची दखलच घेत नाही.

आमच्या रविवारच्या बैठकीत बँकेतून निवृत्त झालेले एक काका येतात. रोज सकाळी बाजार स्थिरावला की ते वहीत तीन स्ट्राइकचे प्रीमियम, म्हणजे ऑप्शनचे बाजारभाव, शाईने लिहितात, शेजारी स्वतःची किंमत पेन्सिलीने. एका रविवारी त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. "सर, मागच्या आठवड्यापर्यंत माझा आकडा जुळत होता. परवा बाजार तीन टक्के पडला आणि आता बाजार माझ्यापेक्षा शंभराने महाग आहे. लोक घाबरलेत म्हणून का?" घाबरलेले असतीलही, पण तेवढ्यावर सोडू नका. तीन टक्के पडल्यानंतरचे दिवस शांत नसतात, हे गणितात आणता येतं. घोडबंदर रोडला सकाळी एकदा गाडी बंद पडली की ती हलवल्यावरही दुपारपर्यंत वाहतूक तुंबलेली असते, तसा बाजारातला मोठा धक्का हळूहळू ओसरतो.

रॉबर्ट एंगल यांनी १९८२ मध्ये आर्च मॉडेल मांडलं आणि टिम बोलरस्लेव्ह यांनी १९८६ मध्ये त्याचं गार्च केलं ते नेमकं याच निरीक्षणावरून. २००३ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलमध्ये एंगल यांचा वाटा याच कामासाठी होता. गार्चचं सर्वांत साधं रूप असं: उद्याची प्रसरणता म्हणजे एक छोटा स्थिर आकडा, अधिक अल्फा गुणिले आजच्या परताव्याचा वर्ग, अधिक बीटा गुणिले आजची प्रसरणता. प्रसरणता म्हणजे व्होलॅटिलिटीचा वर्ग.

काकांच्या वहीवर आम्ही हेच केलं. अल्फा ०.०८, बीटा ०.९०, दीर्घकालीन व्होलॅटिलिटी १४ टक्के. १४ टक्क्यांची रोजची प्रसरणता ०.००००७७८. स्थिर आकडा तिचा दोन टक्के, कारण अल्फा आणि बीटा मिळून ०.९८ होतात. आता बाजार ३ टक्के पडला, त्याचा वर्ग ०.०००९. तीन तुकडे मिळवले की उद्याची प्रसरणता ०.०००१४३६. वर्गमूळ काढून १५.८७ ने गुणलं तर १९ टक्के. एका दिवसात १४ वरून १९.

इथे थांबून १९ टक्के सूत्रात घातले तर चूक होईल. ऑप्शन महिनाभराचा आहे आणि धक्का रोज दोन टक्क्यांनी विरत जातो. निम्मा विरायला साधारण ३४ व्यवहाराचे दिवस लागतात. पुढच्या २१ व्यवहाराच्या दिवसांची सरासरी प्रसरणता काढली तर महिन्यासाठी व्होलॅटिलिटी १८.२ टक्के येते आणि कॉल ५८९ रुपये. काकांच्या पेन्सिलीच्या आकड्यापेक्षा १२० ने जास्त. बाजाराने शंभर वाढवले त्यात लोकांच्या घाबरण्यापेक्षा गणिताचा वाटा मोठा होता. साप्ताहिक ऑप्शनला धक्का विरायला वेळच मिळत नाही, म्हणून तिथे आयव्ही जास्त उसळते. मासिक आणि साप्ताहिक आयव्हीतला हा फरक एकदा समजला की ऑप्शन चेन वेगळ्याच नजरेने वाचता येते.

अल्फा-बीटा ठरवायला किमान चार-पाच वर्षांचे बंद भाव घ्या आणि पायथनच्या 'आर्च' या लायब्ररीकडून आकडे काढून घ्या. अल्फा अधिक बीटा एकापेक्षा कमी यायला हवेत. निकाल डोळे झाकून वापरू नका. २३ मार्च २०२० ला निफ्टी एका दिवसात जवळपास १३ टक्के पडला. तो काळ डेटात असला की अल्फा-बीटा किती बदलतात, हे तो धरून आणि वगळून असं दोन्ही प्रकारे बघा. मी दोन्ही उत्तरं शेजारीशेजारी ठेवतो.

साध्या गार्चला पडझड आणि तेजी सारखीच. आपल्या निर्देशांकात तसं होत नाही, पडल्यावर व्होलॅटिलिटी जास्त वाढते. त्यासाठी ग्लॉस्टन, जगन्नाथन आणि रंकल यांनी १९९३ मध्ये सुचवलेलं जीजेआर-गार्च वापरा. त्यात फक्त लाल दिवसांना एक जादा गुणक लागतो. पुट विकणाऱ्यांनी तर हेच वापरावं.

घटना असेल तर हिशेब वेगळा

गार्चला मागचं दिसतं, पुढची तारीख दिसत नाही. अर्थसंकल्प, निवडणुकीचा निकाल, रिझर्व्ह बँकेचं पतधोरण या तारखा मात्र आधीच माहीत असतात. अशा वेळी प्रसरणतेची बेरीज हाताने करा. २० साधे दिवस १४ टक्क्यांच्या हिशेबाने, आणि घटनेच्या एका दिवसाला ३ टक्के हालचाल धरून ०.०००९. बेरीज ०.००२४५६. २१ दिवसांवरून वर्षावर नेण्यासाठी १२ ने गुणा, वर्गमूळ घ्या: १७.२ टक्के.

१५.८ टक्क्यांची आयव्ही देणारा ५२० चा कॉल घटना नसताना महाग, तर अशी घटना समोर असताना स्वस्त ठरतो. आणि घटना उरकली की व्होलॅटिलिटी १७.२ वरून १४ वर येते, प्रीमियममधले ८०-९० रुपये निफ्टी न हलताच जातात. ४ जून २०२४ ला लोकसभेच्या निकालाच्या दिवशी निफ्टी जवळपास ६ टक्के पडला आणि दुसऱ्याच दिवशी इंडिया व्हिक्स, म्हणजे निफ्टी ऑप्शनच्या आयव्हीवरून काढलेला निर्देशांक, जोरात खाली आला. दिशा बरोबर ओळखूनही ऑप्शन घेणाऱ्याला तोटा होतो तो असा.

चौथी पायरी: सिम्युलेशन

आता लॅपटॉप उघडा. बाजाराचे लाखभर शक्य रस्ते तयार करायचे, प्रत्येक रस्त्याच्या शेवटी ऑप्शनचे किती पैसे मिळतात ते बघायचं, सरासरी काढायची आणि व्याजाने सूट द्यायची. ऑप्शनसाठी मॉन्टे कार्लो पद्धत फेलिम बॉयल यांनी १९७७ मध्ये मांडली. एक रस्ता हाताने करून बघा, मग कोड लिहा.

नॉर्मल वितरणातून एक आकडा निघाला, समजा ०.८५. त्याला ०.०४०१ ने गुणा, त्यात व्याज वजा अर्धी प्रसरणता यांचा महिन्याचा हिस्सा, ०.००४५, मिळवा. बेरजेचा एक्सपोनेन्शिअल घेऊन २५,००० ने गुणलं की निफ्टी २५,९८५. कॉलला ९८५ रुपये मिळाले. आता तोच आकडा उणे करून, −०.८५, पुन्हा करा: निफ्टी २४,२७१, कॉलला शून्य. अशी जोडी लावत गेलं की तेवढ्याच रस्त्यांत त्रुटी साधारण एक-तृतीयांशाने कमी होते. फुकटची सुधारणा आहे, सोडू नका.

या पायरीवर एक गोष्ट हमखास बिघडते. "निफ्टी वर्षाला बारा टक्के देतो" म्हणून लोक व्याजदराच्या जागी १२ घालतात. तसं केलं तर कॉल सुमारे ६५ रुपयांनी फुगतो, पुट आकसतो, आणि कॉल वजा पुट हा फरक फ्युचरशी जुळत नाही. असा भाव बाजारात असता तर कॉल विकून, पुट घेऊन, फ्युचर घेऊन कुणीही बिनजोखमीचा नफा काढला असता. बाजार वर जाईल की खाली, हे तुमचं मत व्यवहार करायचा की नाही यासाठी ठेवा. किमतीच्या गणितात फॉरवर्डच चालतं.

त्रुटीचा हिशेब उत्तराबरोबरच लिहा. या कॉलच्या मिळकतीचं विचलन ६४४ रुपये आहे. १०,००० रस्ते घेतले तर प्रमाण त्रुटी ६.४ रुपये, म्हणजे उत्तर ४६९ च्या दोन्ही बाजूंना १२-१३ रुपये हलू शकतं. एक लाखाला ४ रुपये, दहा लाखांना सव्वा रुपया. रस्ते शंभरपट केले तर अचूकता दहापटच वाढते. म्हणून रस्ते वाढवण्याआधी नियंत्रक चल वापरा: सगळ्या रस्त्यांच्या शेवटच्या निफ्टीची खरी सरासरी आपल्याला माहीत आहे, ती फॉरवर्ड. सिम्युलेशनमधली सरासरी तिच्यापासून जेवढी हटली त्या प्रमाणात ऑप्शनचं उत्तर दुरुस्त करा. त्रुटी निम्म्यावर येते.

कोडवर विश्वास ठेवण्याआधी स्थिर १४ टक्क्यांवर चालवून ४६९ येतात का बघा. आले नाहीत तर पुढे जाऊच नका. आमच्यातली एक मुलगी ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये काम करते. ट्रान्स-हार्बरने जाता-येता तिने हा कोड लिहिला. तिने पहिल्याच ओळीत यादृच्छिक आकड्यांचं बीज पक्कं केलं. त्यामुळे निफ्टी २५,००० आणि २५,०५० या दोन्हींसाठी तेच रस्ते वापरता येतात, वजाबाकीतून डेल्टा, म्हणजे निफ्टी एक अंकाने हलला की ऑप्शनची किंमत किती हलते तो आकडा, स्वच्छ येतो. बीज बदलत राहिलं तर डेल्टात नुसता गोंगाट येतो.

पाचवी पायरी: व्होलॅटिलिटीलाच रस्त्यात चालू द्या

स्थिर व्होलॅटिलिटीसाठी सिम्युलेशनची गरजच नव्हती, सूत्र पुरेसं होतं. आता त्याचा खरा उपयोग. २१ दिवसांचे २१ टप्पे करा. प्रत्येक टप्प्याला त्या दिवसाची प्रसरणता वापरून परतावा काढा, त्या परताव्यावरून जीजेआर-गार्चने दुसऱ्या दिवसाची प्रसरणता काढा, पुढे चला. लाख रस्ते, एकवीस टप्पे, साध्या लॅपटॉपवर काही सेकंदांत होतं. जिन-चुआन दुआन यांनी १९९५ मध्ये गार्चखाली ऑप्शनची किंमत काढायची शिस्तशीर रीत दिली. घरच्या कामापुरती एवढी काळजी घ्या की प्रत्येक टप्प्याचा सरासरी परतावा व्याज वजा त्या दिवसाची अर्धी प्रसरणता एवढाच राहील.

ॲट-द-मनी ऑप्शनची किंमत यात फारशी बदलत नाही. बदलते ती दूरच्या स्ट्राइकची. पडलेला बाजार आणखी हलतो, म्हणून खालच्या टोकाला जास्त रस्ते पोचतात आणि २३,००० चा पुट सूत्रापेक्षा महाग निघतो. ऑप्शन चेनमध्ये खालच्या पुटची आयव्ही वरच्या कॉलपेक्षा जास्त का, याचं बरंचसं उत्तर तुमच्या स्क्रीनवर तयार होताना दिसतं.

स्टीव्हन हेस्टन यांचं १९९३ चं मॉडेल हेच वेगळ्या वाटेने करतं. व्होलॅटिलिटीला स्वतःचा यादृच्छिक धक्का असतो आणि तो भावाच्या धक्क्याशी उलट्या दिशेने बांधलेला असतो. संबंध −०.७ धरला तर व्होलॅटिलिटीचा धक्का म्हणजे भावाचा धक्का गुणिले −०.७ अधिक एक स्वतंत्र आकडा गुणिले ०.७१४. टप्प्याटप्प्याने जाताना प्रसरणता कधी कधी शून्याखाली जाते. वर्गमूळ घेण्याआधी तिथे शून्य धरा, नाहीतर कोड कोसळतो. हेस्टनचे पाच आकडे बाजारातल्या आयव्हीवरून बसवावे लागतात. एकाच एक्सपायरीच्या भावांवर हे पाचही पक्के ठरत नाहीत. एकट्याने शिकणाऱ्याने आधी जीजेआर-गार्च नीट हाताळावं, असं माझं मत आहे.

जिथे हक्क आधी बजावता येतो

आपल्याकडचे शेअर ऑप्शन २०११ पासून युरोपियन झाले, त्यामुळे एक्सचेंजवर हा प्रश्न येत नाही. पण ऐरोली-महापेकडे नोकरी करणाऱ्या कित्येकांच्या हातात कंपनीचे ईसॉप, म्हणजे कर्मचाऱ्याला ठरलेल्या भावाने कंपनीचे शेअर घेण्याचे हक्क, असतात आणि ते मुदतीआधी वापरता येतात. तिथे लॉंगस्टाफ आणि श्वार्ट्झ यांची २००१ ची रीत लागते. रस्ते शेवटपर्यंत काढा, मग मागे या. प्रत्येक टप्प्यावर जे रस्ते फायद्यात आहेत तेवढेच घ्या, त्यांच्या पुढच्या मिळकतीचं शेअरच्या भावावर आणि त्याच्या वर्गावर रिग्रेशन लावा, म्हणजे भावावरून मिळकतीचा अंदाज देणारं सूत्र बसवा. थांबण्याची अंदाजे किंमत आता वापरण्याच्या रकमेपेक्षा कमी निघाली तर त्या रस्त्यावर हक्क इथेच वापरला असं धरा. पहिल्या टप्प्यापर्यंत आलात की सूट देऊन सरासरी काढा. रिग्रेशन ज्या रस्त्यांवर बसवलं त्यांच्यावरच किंमत काढली तर ती किंचित जास्त दिसू शकते, कारण नियमाला तेच रस्ते आधीच ठाऊक असतात. नियम कायम ठेवून एक लाख नवे रस्ते काढा आणि किंमत त्यांच्यावरची लिहा.